तांबड्या पेशी : आकार आणि संख्या

भोसरीच्या कारखान्यातील कामगाराच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, की बहुधा लोहाच्या गोळ्या सुरू होतात. मात्र तांबड्या पेशींचा सरासरी आकार ८० फेम्टोलिटरहून लहान असल्यास त्यांची संख्याही पाहावी. लोह अपुरे असल्यास ती सहसा घटते. थॅलसेमियाच्या वाहकात पुष्कळदा घनमिलिमीटरमागे ५० लाखांवर असते. लोहाची उणीव नसलेल्या वाहकास गोळ्यांनी गुण येत नाही. फाळणीनंतर शेजारच्या पिंपरीत वसलेल्या सिंधी समाजात असे वाहक अधिक आढळतात. इतर समाजही त्यातून सुटलेले नाहीत. वाहक धडधाकट असतो, हीच खरी अडचण. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्यास गंभीर थॅलसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. याकरिता हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणी विवाहापूर्वीच करून घ्यावी.