तारखेवाचूनचा भाव

म्युच्युअल फंडांचे भाव संगणकावरील खतावणीत आपोआप उतरतात, सबब त्यांच्याकडे पुन्हा पाहण्याचे कारण उरत नाही, असे छातीठोकपणे सांगणारा मनुष्य भेटला म्हणजे माझ्या मस्तकात तिडीक उठते. ती का उठते याचा खुलासा एकदा सविस्तर करून टाकावा, आणि आमच्या अमरावती-अकोल्याकडील ज्या सेवानिवृत्त मंडळींनी वावर विकून आलेली किंवा भविष्यनिर्वाह निधीची रक्कम चार योजनांत वाटून ठेवली आहे, त्यांना झाला तर त्याचा उपयोग व्हावा, या हेतूने हे लिहीत आहे. हेतू परोपकाराचा आहे खरा. पण राग अद्याप निवळलेला नाही, हेही लपवून ठेवीत नाही.

माझी धाकटी बहीण अकोल्यास जठारपेठेत राहते. मेहुण्यांच्या पश्चात तिच्या गुंतवणुकीच्या हिशेबावर नजर ठेवण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले, आणि कोषागारात रुजवात घालण्यातच ज्याची उभी हयात गेली त्याच्याकडे ते यावे यात गैर काही नव्हते. मेहुण्यांच्या वेळेपासून ज्या वितरकामार्फत खरेदी होत आली होती, त्यानेच वार्षिक वर्गणी घेऊन तिच्या घरच्या संगणकावर हिशेबाचा एक प्रोग्राम बसवून दिला होता. रोज रात्री भाव डाउनलोड व्हावेत आणि सकाळी चहाबरोबर एकूण मूल्य पडद्यावर दिसावे, अशी त्याची ख्याती. कोणती योजना प्रोग्राममध्ये कशी नोंदवावी, हे सर्व त्याच्याच हाताने झालेले. आम्हांस त्यात बोट घालण्याची मुभाही नव्हती, कारण पासवर्ड त्याच्यापाशी.

४ जून २०२४ रोजी लोकसभेच्या मतमोजणीचे आकडे येऊ लागले आणि सेन्सेक्स एका दिवसात चार हजारांहून अधिक अंकांनी कोसळला, हे वाचकांस स्मरत असेल. मी त्या वेळी अकोल्यासच होतो. ५ तारखेच्या सकाळी प्रोग्राम उघडला, तेव्हा शेअरांत पैसे गुंतविणाऱ्या साऱ्या योजनांचे आकडे लाल झालेले, आणि जिच्यात बहिणीची सर्वांत मोठी रक्कम होती ती एकच योजना मात्र दशांशचिन्हापुढील चौथ्या अंकापर्यंत जशीच्या तशी, जणू काही त्या दिवशी मुंबईचा शेअर बाजार तिच्यापुरता उघडलाच नव्हता. मागील दिवसांचे भाव उलटून पाहिले. तोच आकडा, त्यामागेही तोच, आणि प्रत्येक आकड्यापुढे त्या त्या दिवसाची ताजी तारीख मोठ्या इमानाने घातलेली. ज्याने आयुष्यभर चलने तपासली आहेत, त्याला बंद पडलेल्या घड्याळापेक्षा बंद पडूनही काटे फिरवून दाखविणारे घड्याळ अधिक घातक असते हे सांगावे लागत नाही.

बहीण घाबरली. ‘भाऊ, पैसे तं नाही ना गेले?’ एवढेच तिने विचारले. मी वितरकास फोन लावला. त्याचे उत्तर असे: ‘काका, सिस्टीमच रेट घेऊन राहिली ना, आपण काय करून राहिलो त्यात? मार्केट पडलं म्हणजे सगळेच फंड पडतात असं थोडंच आहे!’ मी आकड्यांचा आग्रह धरला, तेव्हा त्याने युनिटांच्या हिशेबात थोडाफार फरक राहतोच, मुद्रांक शुल्क कापले जाते, अशी सबब पुढे केली. आता १ जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागते, ही गोष्ट खरी. परंतु त्या हिशेबाने दहा हजार रुपयांवर पडणारा फरक पन्नास पैशांचा असतो, आणि तो युनिटांच्या संख्येत पडतो, भावात नव्हे. हे मी त्यास सांगितले. त्यावर हा गृहस्थ माझ्या बहिणीस वेगळा फोन करून काय म्हणाला असेल? ‘ताई, काकांचं आता वय झालं.’

वय झाले असेल. पण वाचता येते. म्युच्युअल फंडांची ‘अँफी’ ही १९९५ साली स्थापन झालेली संघटना सर्व योजनांचे भाव एका साध्या मजकुराच्या फाइलीत दररोज प्रसिद्ध करते, आणि बहुतेक सर्व प्रोग्राम आपले भाव तेथूनच उचलतात. ती फाइल मी भाच्याकडून उतरवून घेतली. एका योजनेची एक ओळ, ओळीत अर्धविरामांनी वेगळे केलेले सहा रकाने: योजनेचा क्रमांक, आयसिन हा ओळखक्रमांक, लाभांश पुनर्गुंतवणुकीचा दुसरा आयसिन (वृद्धी पर्यायाच्या ओळीत येथे नुसती आडवी रेघ असते), योजनेचे नाव, भाव, आणि शेवटी तारीख. आमच्या ओळीच्या शेवटी आदल्या वर्षीची तारीख होती. प्रोग्रामने पाचवा रकाना उचलला होता, सहावा टाकून दिला होता, आणि त्याच्या जागी आपल्या पदरची तारीख लावली होती. फाइलीने काहीएक लपविले नव्हते. लपविले ते प्रोग्रामने.

योजना बंद का पडली, त्याचा उलगडा बहिणीच्या कपाटातच झाला. ती योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली होती आणि तसे पत्रही आले होते. असे विलीनीकरण काही विरळा नव्हे: सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकानंतर २०१८ साली कित्येक योजनांची नावे बदलली, कित्येक एकमेकींत मिसळल्या, पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये एल अँड टीचा फंड एचएसबीसीकडे आणि जुलै २०२३ मध्ये आयडीबीआयच्या योजना एलआयसी म्युच्युअल फंडाकडे गेल्या. बहिणीने ते इंग्रजी पत्र वितरकास दाखविले होते. ‘ठेवून द्या ताई, रुटीन आहे,’ असे म्हणून त्याने ते परत दिले, आणि त्यानंतर काही महिन्यांनी पडद्यावरचा न हलणारा आकडा दाखवून, ‘हा फंड झोपलेला आहे, दुसऱ्यात टाकू,’ असा सल्लाही दिला होता. ज्या योजनेचे अस्तित्वच उरले नव्हते, तिच्या आळसाबद्दल तक्रार करून नव्या योजनेचे कमिशन मिळविण्याची ही कल्पना ऐकून मी थक्क झालो. वस्तुतः नव्या योजनेत मिळालेल्या युनिटांचे मूल्य पडद्यावरील रकमेहून अधिक होते.

शोध घेऊ लागल्यावर दुसरी गोष्ट हाती लागली, आणि ती मला अधिक झोंबली. वितरकामार्फत घेतलेल्या योजना अर्थातच रेग्युलर. परंतु त्यांतील दोहोंना प्रोग्राम डायरेक्टचे भाव लावीत होता, कारण तो आयसिन न पाहता नावाचे पहिले काही शब्द जुळले की मिळेल ती ओळ उचले. १ जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट योजना सुरू झाल्या. त्यांत वितरकाचे कमिशन नसल्यामुळे त्यांचा भाव रेग्युलरहून वर्षागणिक अधिकाधिक वर जात राहतो. म्हणजे ज्या कमिशनामुळे बहिणीचे मूल्य कमी होत होते, ते कमिशन कापलेच गेले नाही असे चित्र कमिशन घेणाऱ्यानेच बसविलेला प्रोग्राम तिला दाखवीत होता. ही चूक हेतुपुरस्सर होती असे मी म्हणत नाही. सोयीची होती, एवढे म्हणतो.

फाइलीतील ओळीची नक्कल आणि शिक्कामोर्तब झालेले खातेविवरण असे दोन्ही कागद घेऊन मी त्याच्या टेबलापुढे बसलो. त्याने तारीख पाहिली, पुन्हा पाहिली, आणि ‘कंपनीला कळवतो’ म्हणाला. क्षमेचा शब्द नाही. पुढल्या पंधरवड्यात पुढील वर्षाच्या वर्गणीचे बिल मात्र आले, आणि त्यात ‘अपडेट’ या सदराखाली जादा रक्कम लावलेली होती.

आमच्या पिढीने युनिट ट्रस्टच्या युनिट ६४ या योजनेचा अनुभव घेतला आहे. १९६४ पासून त्या योजनेचा भाव ट्रस्ट स्वतःच जाहीर करी, त्यामागील मालमत्तेशी त्याचा मेळ आहे किंवा कसे हे पाहण्याचे साधन सामान्यांपाशी नव्हते, आणि जुलै २००१ मध्ये खरेदी-विक्री थांबली तेव्हा कित्येक पेन्शनरांचे डोळे पांढरे झाले. आज साधन आहे, रोज आहे, फुकट आहे. ते असताना कोणी आपल्याला खोटा आकडा दाखवावा, ही गोष्ट म्हणूनच अधिक असह्य वाटते.

आता जे करावे ते सांगतो.

प्रोग्राममध्ये भावाशेजारी फाइलीतील मूळ तारीख दिसते की डाउनलोड केल्याची, हे प्रथम पाहावे. दोन तारखांत शनिवार-रविवारचे अथवा सुटीचे अंतर असेल तर बिचकू नये. भाव रात्री अकरापर्यंत जाहीर होतात, आणि इतर फंडांत पैसे गुंतविणाऱ्या योजनांचे दुसऱ्या दिवशी सकाळी, तेव्हा संध्याकाळी पाहून आरडाओरड करण्यात अर्थ नाही. पण अंतर आठवड्याचे झाले तर त्याच दिवशी विचारणा करावी.

योजना नावाने जुळवू नये. नावे बदलतात, १ एप्रिल २०२१ पासून लाभांश पर्यायाचे नावच बदलले, आणि नावावर चालणाऱ्या कित्येक खतावण्या त्या दिवशी आंधळ्या झाल्या असतील. आपल्या खातेविवरणावर बारा अक्षर-अंकांचा, ‘आयएनएफ’ने सुरू होणारा आयसिन छापलेला असतो. तो वहीत उतरवून ठेवावा आणि प्रोग्राममध्ये तोच, किंवा अँफीचा योजना क्रमांक, आहे याची खात्री करावी. आम्ही आता ग्नूकॅश हा विनामूल्य प्रोग्राम वापरतो. त्यात योजना क्रमांक घातला की भाव फाइलीतील तारखेनिशीच येतो.

३१ जानेवारी २०१८ चा भाव प्रत्येक जुन्या योजनेपुढे वेगळा लिहून ठेवावा. त्यापूर्वी घेतलेल्या इक्विटी युनिटांवरील दीर्घकालीन नफ्याच्या करआकारणीत तो लागतो, आणि विलीन झालेल्या योजनेचा तो भाव ऐन विवरणपत्राच्या वेळी शोधणे जिवावर येते.

कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या निबंधक संस्थांकडून येणारे एकत्रित खातेविवरण हाच खरा दस्तऐवज. प्रोग्राम म्हणजे त्याची नक्कल. महिन्यातून एकदा युनिटांची रुजवात युनिटांशी आणि भावाची भावाशी घालावी. नुसत्या एकूण रकमेवर समाधान मानू नये, कारण दोन चुका एकमेकींना झाकतात. बाकी पासवर्ड स्वतःपाशी ठेवावा, कागद जपावेत, इंग्रजी पत्र न समजल्यास समजणाऱ्याकडून वाचून घ्यावे, वगैरे गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. पाळीत मात्र कोणी नाही.

आम्ही ते वर्गणीचे बिल भरले नाही आणि वितरकही बदलला. माझे एवढेच सांगणे आहे की भावाची तारीख दाखवीत नाही तो प्रोग्राम घेऊ नये, आणि ती विचारणाऱ्याचे वय काढतो त्याच्या हाती पैसा देऊ नये.