औषधांची परस्परक्रिया आणि प्रत्यारोपणाचा खर्च

मूत्रपिंड किंवा हृदय यांचे प्रत्यारोपण झाले म्हणजे शस्त्रक्रिया संपते, पण खर्च संपत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती नव्या अवयवाला परका समजून त्याच्यावर हल्ला करते. तिला आवर घालणारी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस यांसारखी औषधे तो अवयव आहे तोवर रोज घ्यावी लागतात. पैशाअभावी ती थांबली, तर मिळालेला अवयवही गमवावा लागतो. म्हणून हा खर्च कमी करणे हा रुग्णाच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे.

यावरचा एक उपाय शरीराच्या कार्यातच दडलेला आहे. आतड्यात व यकृतात सी.वाय.पी. 3ए4 नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते या औषधांचे विघटन करते. त्यामुळे गिळलेल्या औषधाचा बराच भाग रक्तात पोहोचण्यापूर्वीच वाया जातो. बुरशीवरील केटोकोनॅझोल आणि रक्तदाबावरील डिल्टियाझेम ही औषधे या विकराचे काम मंद करतात. मग महागड्या औषधाची मात्रा कमी करूनही त्याची रक्तातील पातळी हवी तेवढी राखता येते.

ऑस्ट्रेलियात सिडनी येथील हृदय प्रत्यारोपणाच्या रुग्णांचा अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. केटोकोनॅझोल घेणाऱ्यांची सायक्लोस्पोरिनची गरज एका वर्षात सुमारे 80 टक्क्यांनी घटली. म्हणजे जेथे 300 मिलिग्रॅम लागत होते, तेथे 60 मिलिग्रॅम पुरले. मात्र केटोकोनॅझोलच्या गोळ्यांनी यकृताला इजा होऊ शकते; म्हणून 2013 साली अमेरिका व युरोपातील औषध नियंत्रकांनी त्यांच्यावर कडक निर्बंध सुचविले. डिल्टियाझेमने बचत कमी होते, पण रक्तदाबही आटोक्यात राहतो. भारतातही ते याच हेतूने वापरले जाते.

विद्यार्थी मित्रांनो, या उपायाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. सोबतची स्वस्त गोळी "साधीच तर आहे" म्हणून बंद केली, तर मुख्य औषधाची पातळी घसरते आणि शरीर अवयव नाकारू लागते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तर विकराचे काम वाढवून पातळी झपाट्याने खाली आणते. याउलट एरिथ्रोमायसिनने किंवा पपनसासारख्या फळानेही पातळी वाढून मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो.

म्हणून मात्रा ठरवावी ती डॉक्टरांनीच, रक्तातील पातळी वेळोवेळी तपासून. रुग्णाने कोणतीही गोळी स्वतःहून सुरू वा बंद करू नये, आणि कोणत्याही दवाखान्यात गेल्यास आपल्या सर्व औषधांची यादी आधी दाखवावी. बचत रुपयांची व्हावी, अवयवाच्या सुरक्षिततेची नव्हे.