मोशेचे हात कोणी धरले?
(कौटुंबिक पाठ : घरी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी)



दरवर्षी ११ फेब्रुवारीला आपण जागतिक रुग्ण दिन पाळतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो १९९२ साली जाहीर केला व १९९३ पासून तो साजरा होऊ लागला. त्या दिवशी देवळात रुग्ण पुढच्या बाकांवर बसतात. त्यांना रुग्णाभ्यंग संस्कार दिला जातो, मिस्सानंतर सगळे त्यांची विचारपूस करतात. व्हीलचेअर धरून मागे उभी असलेली सून किंवा मुलगी मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. तिच्याशी कोणी बोललेच, तर ‘‘सासूबाई कशा आहेत?’’ एवढेच विचारतात. ‘‘आणि तू कशी आहेस?’’ हा प्रश्न राहून जातो. आजचा पाठ त्या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी आहे.

१. भार कसा चढत जातो

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवणे, अंग पुसणे, डायपर बदलणे, औषधांच्या वेळा सांभाळणे हे रोजचेच. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे आणखी वेगळे. तोच प्रश्न तासाभरात वीस वेळा येतो. संध्याकाळ झाली की बेचैनी वाढते. ‘‘मला माझ्या घरी न्या’’ असा हट्ट सुरू होतो आणि आपण तर घरातच बसलेलो असतो. रात्री दाराची कडी वाजली की दचकून उठावे लागते.

आजार आला त्या दिवशी कोणी बैठक घेऊन ‘‘हे काम तुझे’’ असे ठरवलेले नसते. जी व्यक्ती घरात असते तिच्यावर ते येते. बहुधा ती बाईच असते. पहिले काही दिवस नातेवाईक येतात, फळे आणतात. सहा महिन्यांनी ती वर्दळ थांबते. शुश्रूषा मात्र चालूच राहते, काही घरांत दहा-दहा वर्षे.

२. जे बोलले जात नाही

अशा घरात दोन गोष्टी मनात दाबून ठेवल्या जातात. पहिली म्हणजे राग. दिवसभर राबल्यावर सासऱ्यांनी ताट ढकलून दिले की तोंडून वाकडा शब्द जातो. मग रात्रभर मन खाते. दुसरी गोष्ट त्याहून कठीण आहे. ‘‘देवा, आता यांना सोडव’’ असा विचार कधीतरी मनात येतो आणि त्याच क्षणी वाटते, मी किती दुष्ट!

भगिनींनो, बंधूंनो, असा विचार आला म्हणून प्रेम संपले असे होत नाही. शरीर व मन थकल्याची ती खूण आहे. एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून ‘‘आता पुरे’’ म्हणाला, त्याने मरण मागितले. देवाने त्याला दटावले नाही. त्याला झोपू दिले, देवदूताकरवी भाकर व पाणी दिले, आणि असे दोनदा केले (१ राजे १९). आधी झोप आणि जेवण, मग पुढचा प्रवास.

या थकव्यात एक दुःखही मिसळलेले असते. ज्या आईने आपल्याला वाढवले ती आपले नाव विसरते. माणूस समोर आहे आणि तरी गेला आहे. अशा वियोगाचा अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉलिन बॉस यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. मृत्यू झाला की लोक सांत्वनाला येतात. या वियोगात कोणी येत नाही, म्हणून तो जास्त एकटे पाडतो.

३. भाराने माणूस आजारी पडतो

‘‘माझे काय, मी धडधाकट आहे,’’ असे आपण म्हणतो. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयस्क पती-पत्नींची चार वर्षे पाहणी केली गेली. आजारी जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांच्या मनावर ताण होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. शुश्रूषा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा मोठा फरक दिसला नाही. म्हणजे सेवा घातक नाही, एकट्याने सोसलेला ताण घातक आहे.

तो ताण हलका करता येतो. न्यूयॉर्क विद्यापीठात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या ४०६ जोडीदारांवर दीर्घ अभ्यास झाला. त्यांतील निम्म्यांना समुपदेशनाच्या सहा बैठका मिळाल्या. त्यांपैकी चार बैठकांत इतर नातेवाईकही सोबत होते. पुढे त्यांना साहाय्य गटात बसवले आणि अडचण आली की फोन करण्याची सोय दिली. या जोडीदारांमध्ये नैराश्य कमी राहिले व रुग्णांना घरी अधिक काळ सांभाळता आले. रुग्णाचा आजार तोच होता. फरक पडला तो शुश्रूषा करणाऱ्याला मिळालेल्या आधाराने.

४. मदत मागावी कशी, द्यावी कशी?

‘‘काही लागले तर सांग’’ या वाक्याने कोणाचा भार हलका होत नाही. मदतीला दिवस आणि वेळ हवी.

मागणाऱ्याने नेमके मागावे : ‘‘दर बुधवारी चार ते सहा तू बाबांजवळ बस.’’ आखातात किंवा कॅनडात असलेल्या भावाने फोनवर सूचना देण्याऐवजी ब्युरोतून येणाऱ्या बाईचा पगार उचलावा. रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास आईशी व्हिडिओवर बोलावे, तेवढ्यात बहिणीची आंघोळ आणि चहा निवांत होईल. शेजाऱ्यांनी रविवारी रुग्णाजवळ थांबावे, म्हणजे तिला मिस्साला जाता येईल.

बाई ठेवली किंवा काही दिवस रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवले, तर ‘‘लोक काय म्हणतील?’’ ही भीती असते. आपण त्या लोकांपैकी एक होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

५. डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन आठवडे झोप नीट नाही, कशातच रस वाटत नाही, रडू आवरत नाही, स्वतःची रक्तदाबाची गोळी चुकू लागली, तर डॉक्टरांना भेटावे. रुग्णावर हात उगारला गेला किंवा जीव नकोसा झाला, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीतून बोलता येते. पापनिवेदनाने मनाला शांती मिळते, पण नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचारही लागतो.

शेवटी मोशेकडे पाहू. अमालेकांशी युद्ध चालले असताना त्याचे हात वर असेपर्यंत इस्राएल वरचढ होत असे. पण हात भरून आले. ‘‘तुझी श्रद्धा कमी पडली’’ असे त्याला कोणी म्हटले नाही. त्याला बसायला धोंडा दिला, आणि अहरोन व हूर यांनी दोन बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले (निर्गम १७). आपल्या वाडीतही कोणाचे तरी हात आज भरून आले आहेत.

समूहात चर्चेसाठी

१. आपल्या समूहातील कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे? त्याची शुश्रूषा कोण करते?
२. ‘‘तू कशी आहेस?’’ असे त्या व्यक्तीला आपण शेवटचे केव्हा विचारले?
३. या आठवड्यात त्या घरी दोन तास कोण बसेल? नाव, वार आणि वेळ ठरवूनच बैठक संपवावी.