टीबी नव्हताच मला

थुंकीत जंतू नाहीत, सीबीनॅट निगेटिव्ह, तरी टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स माझ्या गळ्यात मारला. "श्वासनलिकेजवळ गाठ म्हणजे आपल्याकडे टीबीच," डॉक्टर मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले. लघवी केशरी, जेवणावर वासना नाही, घरात सासूबाईंनी माझा कप वेगळा ठेवलेला. कोर्स संपल्यावर सीटीत गाठ तेवढीच. तर म्हणे, चिवट टीबी आहे, औषध वाढवू!

पुण्यातल्या छातीच्या सर्जननी पहिलाच प्रश्न केला, "जुना एक्स-रे आहे?" नोकरीला लागतानाच्या मेडिकलचा आईने जपून ठेवला होता. त्यांनी दोन्ही फिल्म उजेडाला धरल्या. तीच गोल सावली, त्याच जागी, जराशी लहान. "ही तुमच्या जन्माआधीची आहे." मला रडू नाही आलं, संताप आला.

ब्रॉन्कोजेनिक सिस्ट. गर्भात श्वासनलिकेला फांद्या फुटताना एखादा कोंब सुटून राहतो आणि आत चिकट द्रव साठत जातो. तो दाट झाला की सीटीत पिशवी भरीव गाठीसारखी दिसते. एमआरआयने तिचं बिंग फोडलं.

आधीच्या ठिकाणी ब्रॉन्कोस्कोपीतून सुई घातली होती. हाती नुसता शेंबडासारखा द्रव, रिपोर्ट 'नमुना अपुरा', आणि पाठोपाठ थंडीताप. सिस्टमध्ये पू झाला होता. हे तेव्हा कोणी बोललंच नाही. त्या पुवामुळे सिस्ट अन्ननलिकेला नि श्वासनलिकेला चिकटली. दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन छाती उघडून करावं लागलं. श्वासनलिकेवरचा एक तुकडा सुटेना, त्याचं आतलं अस्तर जाळलं. म्हणून अजून अधूनमधून स्कॅन.

तेव्हा जुन्या फिल्म रद्दीत घालू नका. पुरावा नसताना टीबीची औषधं सुरू होत असतील तर कशाच्या आधारावर, ते लिहून मागा. सुईआधी विचारा: ही पिशवी असू शकते का, एमआरआय झाला का? हायडॅटिडची, म्हणजे कृमीमुळे होणाऱ्या पिशवीची, शंका असेल तर सुई जिवावरही बेतू शकते. दुसरं मत घ्या, हे सगळेच सांगतात. पण हे कोणी सांगत नाही: ऑपरेशननंतर श्वासाच्या व्यायामाला देतात त्या तीन चेंडूंच्या यंत्रात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. मला हे नर्सने नव्हे, शेजारच्या पेशंटने सांगितलं.

आणि विमा. कागदावर 'जन्मजात' दिसताच क्लेम अडला. पॉलिसीत जन्मजात दोष अंतर्गत आणि बाह्य असे वेगळे धरतात; आपला अंतर्गत. डिस्चार्ज कार्डावर तसं स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका.