धुराची फवारणी होते, तरी डेंग्यू का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर आठवड्याला धुराची फवारणी होते. तरीही दोघांना डेंग्यू झाला. औषधात भेसळ असेल का?
– एक वाचक, माजिवडा

उत्तर : भेसळ नसली तरी असे घडू शकते. धुराने फक्त त्या वेळी उडणारे, धुराच्या कचाट्यात सापडलेले डास मरतात. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्तायची मादी दिवसा चावते आणि एरवी घरातच, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसून राहते. तिथे बाहेरचा धूर क्वचितच पोचतो.

खरे लक्ष अंड्यांकडे हवे. ती पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात, कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, कूलर, कुंडीखालच्या ताटल्या नुसत्या रिकाम्या करू नका; कडा काथ्याने घासा. शेजारी बांधकाम सुरू असेल तर लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी जरूर पाहा. डेंग्यूचा नसला तरी शहरी मलेरिया पसरवणारा डास अ‍ॅनाफिलीस स्टिफेन्सी तिथे आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत वाढतो.

नवे संशोधनही आशादायक आहे. वोल्बाकिया हा जिवाणू डासात डेंग्यूचा विषाणू वाढू देत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहराच्या ज्या भागांत हा जिवाणू असलेले डास सोडले, तिथे डेंग्यूचे प्रमाण इतर भागांपेक्षा ७७ टक्क्यांनी कमी आढळले. पुदुच्चेरीच्या डास-नियंत्रण संशोधन केंद्रानेही असे डास तयार केले आहेत. ते आपल्याकडे येईपर्यंत फवारणीइतकाच आग्रह टाक्यांच्या घट्ट झाकणांसाठी धरा.