बिनतारी निरोप

मुलांनो, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट होती. गणेश विसर्जन करून लोक झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. आपल्या बीड जिल्ह्याला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर अशी कितीतरी गावे कोसळली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली.

विजेच्या व टेलिफोनच्या तारा तुटल्या. कोठे डॉक्टर हवेत, कोठे औषधे हवीत, हे कळवायचे कसे? तेव्हा हौशी रेडिओचालक मदतीला आले. त्यांना 'हॅम' म्हणतात. हौशी म्हणजे शौकीन! या कामाचा पगार नसतो. सरकारची परीक्षा देऊन परवाना मात्र घ्यावा लागतो.

हॅमचे सामान थोडेच असते. एक रेडिओसंच, मोटारीची बॅटरी आणि दोन खांबांना ताणून बांधलेली तार. ४० मीटर लांबीच्या लहरींसाठी सुमारे २० मीटर तार पुरते. या लहरी आकाशात उंच जातात. तेथील विद्युतभारित थरावरून त्या पुन्हा जमिनीकडे वळतात. म्हणून मध्ये डोंगर असला तरी निरोप शेकडो किलोमीटर जातो.

पण आवाज कधी कधी खरखरीत बुडतो. मग गावाचे किंवा औषधाचे नाव एकेक अक्षर करून सांगावे लागते. एका वेळी एकानेच बोलायचे. बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणायचे आणि कान देऊन ऐकायचे.