आधी गोष्ट, मग अनुस्वार

आमच्या रात्रीच्या वर्गातली ही हकिकत आहे. मंडळींची अक्षरओळख झाली होती. जोडाक्षरेही येऊ लागली होती. आता प्रत्येकाने चार ओळी आपल्या मनाने लिहाव्यात, असे आम्ही ठरवले. फळ्यावर विषय लिहिला – 'गाय'.

सगळ्यांच्या पेन्सिली थांबल्या. पुढे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, गाईला चार पाय असत्यात, ती दूध देती, हे तुमास्नी बी ठावं हाय. मग लिवायचं कुणासाठी?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. घरी जाताना सारखे मनात येत होते, चुकले कोणाचे? मावशींचे की आमचे?

असाच प्रश्न पूर्वी रशिया देशात एका थोर माणसाला पडला होता. त्यांचे नाव लिओ टॉलस्टॉय. ते मोठे लेखक आणि जमीनदार होते. महात्मा गांधी त्यांना फार मानत. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रही कुटुंबांसाठी वसाहत उभी राहिली, तिचे नाव 'टॉलस्टॉय फार्म' असेच ठेवले गेले.

टॉलस्टॉय यांचे गाव यास्नाया पोल्याना. ते मॉस्को शहराच्या दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर आहे. तिथे त्यांनी १८५९ साली शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. त्या काळी तिथले शेतकरी जमीनदारांचे बांधील होते. १८६१ साली ते कायद्याने मोकळे झाले. अशा घरची ही मुले.

आधी त्या शाळेतही मुलांना बाक, धान्य अशा विषयांवर लिहायला सांगत. मोठ्यांना वाटे, विषय किती सोपा! पण मुले रडकुंडीला येत.

मग एकदा टॉलस्टॉय यांनी मुलांना एक म्हण दिली. चमच्याने भरवायचे आणि त्याच्याच दांड्याने डोळा टोचायचा, अशी ती म्हण. म्हणजे उपकार करायचा आणि वर तो बोलून दाखवायचा. या म्हणीवर गोष्ट रचा, असे त्यांनी सांगितले. मुले म्हणाली, "तुम्हीच लिहा." म्हणून ते स्वतः लिहायला बसले. मुले त्यांच्या खुर्चीवर ओणवी झाली. "असं नको, तसं लिहा," असे सांगू लागली. सेमका आणि फेदका हे दोन मुलगे तर शेवटपर्यंत हलले नाहीत. संध्याकाळी ७ पासून रात्री ११ पर्यंत काम चालले. मुले सांगत होती आणि गुरुजी लिहीत होते!

गोष्टीत एक घरोब्याचा माणूस येतो. फेदका म्हणाला, "त्याने बाईचा कोट घातलाय, असं लिहा." टॉलस्टॉय यांनी विचारले, "पुरुषाचा कोट लिहिला तर?" फेदका म्हणाला, "नको, बाईचाच बरा." त्या एका शब्दाने थंडीची रात्र आणि हाताला लागेल ते अंगावर घेणारा गरीब माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला.

टॉलस्टॉय यांनी आपल्या शिकवण्याचा पुन्हा विचार केला. १८६२ साली त्यांनी एक लेख लिहिला. शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून लिहायला शिकावे, की आम्हीच त्यांच्याकडून शिकावे, असा सवाल त्यात केला. लिहिताना किती कामे एकदम करावी लागतात, तेही सांगितले. विचार निवडायचा. त्याला शब्द शोधायचा. तो कुठे बसवायचा ते ठरवायचे. मागे काय लिहिले ते ध्यानात ठेवायचे. शिवाय हाताने अक्षर काढायचे. नव्या माणसाला हे ओझे एकट्याने उचलत नाही. म्हणून आरंभी गुरुजींनी त्यातला वाटा उचलावा. विषय मनाला भिडणारे द्यावेत. मुलांचे लिखाण बघताना अक्षर आणि शुद्धलेखन यांवर शेरे मारू नयेत.

हे वाचून आम्ही पुढच्या आठवड्यात विषय बदलला. म्हणालो, "जे तुम्हांलाच ठाऊक आहे, आम्हांला नाही, ते लिहा."

मावशींनी लिहिले – "दुष्काळात गाय इकली. ती येशीपातूर वळून बघत व्हती. दावं अजून खुट्याला हाय. म्या सोडलं न्हाई."

आमच्या हातात लाल पेन्सिल होती. 'खुंट्या'वरचा अनुस्वार राहिला होता. आम्ही पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, "मावशी, तिचं नाव काय होतं?" मावशी थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी पाचवी ओळ लिहिली.

अनुस्वार आम्ही दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला शिकवला. मावशींनी आपली वही उघडली आणि ते टिंब आपल्याच हाताने दिले.

मंडळी, शुद्ध लिहायला शिकलेच पाहिजे. पण आधी माणसाने काय लिहिले ते ऐकावे, मग कसे लिहिले ते पाहावे. शिकणारा अडला, तर शिकवणाऱ्याने आधी आपलेच शिकवणे तपासावे.

करून पाहा

१. तुम्हांलाच ठाऊक असलेल्या एका गोष्टीवर चार ओळी लिहा.
२. घरातल्या मुलाने काही लिहिले, तर चूक दाखवण्याआधी विचारा, "मग पुढं काय झालं?"